बोअरच्या जड पाण्यात आफ्रिकन सिक्लिड

जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या राजूर आणि आसपासच्या गावांतून फिशटँकबद्दल येणारा प्रश्न जवळपास ठरलेला असतो. ‘आमच्या बोअरचे पाणी जड आहे. बादलीला पांढरा थर धरतो, तूरडाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. अशा पाण्यात मासे टिकतील का?’ या प्रश्नामागे बहुतेक वेळा एक कडू अनुभव असतो. जालन्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून हौसेने निऑन टेट्रा, एंजल, गोल्डफिश आणले जातात. पंधरा-वीस दिवसांत एकेक मासा दगावतो, दुकानदार पाण्याला दोष देतो आणि टाकी माळ्यावर जाते.

टाकी खाली काढा. निऑन टेट्रा आणि एंजल हे दक्षिण अमेरिकेतल्या मऊ, किंचित आम्ल पाण्यातले मासे आहेत, त्यामुळे ते बोअरच्या पाण्यात कुढतात. गोल्डफिशला जड पाणी चालते. ते मेले असतील तर कारण वेगळे आहे, ते पुढे येईलच. पूर्व आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका या सरोवरांतल्या सिक्लिड माशांना मात्र मुळात क्षारयुक्त, अल्कधर्मी पाणीच लागते. मऊ पाण्याच्या शहरांत हौशी लोक असे पाणी तयार करण्यासाठी बाजारातून क्षार विकत आणतात. राजुरेश्वर गणपतीच्या टेकडीखालच्या बेसॉल्टमधून उपसलेल्या पाण्यात ते आधीच असतात.

आफ्रिकन सिक्लिड हे नाव नवे वाटले तरी त्यातला एक मासा महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. उजनीच्या काठावर ज्याला चिलापी म्हणतात ती तिलापिया याच कुळातली. मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणली गेली आणि पाहता पाहता तळ्या-धरणांत पसरली. कुळाचा चिवटपणा त्यातून कळतो. मलावीतले तिचे नातेवाईक पिवळे, निळे, जांभळे, पट्टेरी असतात आणि बोटाएवढ्या लांबीचा मासा टाकीतल्या एका दगडासाठी दिवसभर भांडतो. त्यांच्या या स्वभावाचा विचार करूनच टाकी मांडावी लागते.

आधी ठरवा: पाणी परवडेल का?

हा प्रश्न पैशांचा नाही. भोकरदन तालुक्यात कित्येक वस्त्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा शेतकऱ्यांना स्वतःच्या हाताने तोडाव्या लागल्या. अशा भागात टाकी घेण्याआधी हिशेब मांडणे आवश्यक आहे.

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत काठोकाठ भरल्यास सुमारे २४० लिटर पाणी मावते. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्षात २०० लिटर धरा. आठवड्याला त्यातले पाव पाणी बदलायचे म्हणजे ५० लिटर, साधारण तीन-चार बादल्या. शिवाय एप्रिल-मेमध्ये रोज दोन-तीन लिटर पाणी वाफ होऊन उडते.

काढलेले पाणी वाया जात नाही. त्यात नायट्रेट असते, जे झाडांना खतासारखे लागू पडते. कढीपत्ता, मोगरा, परसातली वांगी-मिरची यांना ते घाला. झाडांना एरवी जे पाणी घालता तेच आधी टाकीतून जाऊन आले, तर जास्तीचा खर्च फार उरत नाही. मात्र तुमच्या घरी मार्चपासूनच पिण्याचे पाणी टँकरने येत असेल तर मोठी टाकी घेऊ नका. शंखात राहणाऱ्या टांगानिकाच्या लहान माशांची दोन फुटी टाकी हा चांगला पर्याय आहे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

टाकी सुरू करण्याचा उत्तम काळ पावसाळा संपतानाचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. विहिरी-बोअरला पाणी असते, ऊन उतरलेले असते आणि टाकी पक्की व्हायला उन्हाळ्यापर्यंत पाच-सहा महिने मिळतात. एप्रिलमध्ये हौसेने सुरू केलेली टाकी मे महिन्यात कोसळण्याचीच शक्यता जास्त.

पाण्याची तपासणी: अंदाजावर जाऊ नका

‘जड’ या एका शब्दात बऱ्याच गोष्टी येतात आणि त्यातल्या सगळ्या माशांच्या फायद्याच्या नसतात. ऑनलाइन मिळणारा स्वस्त टीडीएस मीटर एकूण विरघळलेले क्षार दाखवतो. ते क्षार कॅल्शियमचे आहेत, मिठाचे आहेत की शेतातून झिरपलेल्या खताचे, हे तो सांगत नाही.

जलजीवन मिशनखाली ग्रामपंचायतींना पाणी तपासणीचे संच दिलेले आहेत आणि गावातल्या महिलांना ते वापरण्याचे प्रशिक्षणही दिले आहे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे चौकशी करा. सविस्तर अहवाल हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारून पाहा. अहवाल हातात आला की पुढच्या चार ओळी शोधा:

- पीएच: ७.८ ते ८.६ असेल तर मलावीच्या माशांना उत्तम. टांगानिकाचे मासे ९पर्यंत आनंदात राहतात.
- काठिण्य: मलावी सरोवराचे पाणी राजूरच्या बऱ्याच बोअरइतके जड नाही, तिथे हा आकडा लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. पण आज बाजारात मिळणारे मासे टाक्यांत आणि हौदांत वाढलेले असतात. त्यांना ३००-४०० सहज चालते. ६००च्या वर, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या कमाल मर्यादेपलीकडे असेल तर साठवलेले पावसाचे किंवा आरओचे पाणी मिसळा.
- अल्कलिनिटी: पीएच स्थिर ठेवण्याचे काम ही करते. १२०च्या वर असावी. आपल्या भागात ती सहसा भरपूर असते.
- नायट्रेट: पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. तुमच्या बोअरला आधीच ५०-६० असेल तर पाणी कितीही बदलले तरी टाकीतले नायट्रेट त्याखाली येणार नाही. बोअर रासायनिक खत पडणाऱ्या शेतात किंवा गोठ्याजवळ असेल तर हा आकडा आधी बघा.

बोअरचे ताजे पाणी थेट टाकीत ओतू नका. जमिनीखालून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. त्याचा पीएच सुरुवातीला कमी दिसतो आणि हवा लागल्यावर वर चढतो. ड्रममध्ये भरून त्यात एअर पंपाचा दगड सोडा आणि एक दिवस तसेच ठेवा. नळाचे किंवा टँकरचे पाणी असेल तर त्यात टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीन असते. तेही एका दिवसात उडून जाते. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन वापरा. शेततळ्याचे पाणी मात्र टाळा. भोवतीच्या फवारणीचे औषध वाऱ्याने त्यात उतरते आणि कीटकनाशकाचा माशांवर फार लवकर परिणाम होतो.

टाकी, स्टँड आणि दगड

मलावीच्या माशांसाठी चार फुटी टाकी ही किमान पायरी समजा. मासे लहान दिसतात म्हणून दोन फुटी टाकी घेतली की दोन महिन्यांत एकच दांडगा नर उरतो. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण मार खाणाऱ्या माशाला पळायला जागा लागते.

पाणी, दगड आणि काच मिळून वजन तीनशे किलोच्या वर जाते. लोखंडी स्टँड गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेता येतो. वरची चौकट एका पातळीत असावी आणि टाकीखाली थर्माकोलची शीट असावी, एवढे दोन मुद्दे सोडू नका. काच दहा मिलिमीटरची घ्या. स्थानिक काचवाला टाकी जोडणार असेल तर सिलिकॉन कोणते वापरतो ते विचारा. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते आणि त्याने मासे मरतात.

जागा निवडताना घराचा विचार करा. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात टाकी टिकवणे अवघड आहे. माळवदाचे जुने घर असेल तर त्याच्या मधल्या खोलीइतकी चांगली जागा नाही. खिडकीतून थेट ऊन येणारी भिंत टाळा.

दगडांवर पैसे घालवू नका. बांधकामाचा काळा डबर हा या माशांसाठी पहिल्या प्रतीचा दगड आहे. बेसॉल्ट टाकीच्या पाण्यात जाणवण्याइतके काही सोडत नाही, वजनदार असतो आणि त्यावर हिरवे शेवाळ छान धरते. मलावीच्या खडकाळ काठावरचे मासे हेच शेवाळ दिवसभर खरवडून खातात. आपल्याकडच्या दगडांत मधूनमधून गारगोटीच्या आणि पांढऱ्या स्फटिकांच्या धारदार पोकळ्या असतात, तसे तुकडे बाजूला काढा. शेतातल्या बांधावरचे दगडही नकोत, त्यांवर वर्षानुवर्षे फवारणी झालेली असते. निवडलेले दगड ब्रशने घासून धुवा आणि दोन-चार दिवस उन्हात वाळवा.

दगड रचण्याचा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी तळाच्या काचेवर थर्माकोलचा किंवा प्लास्टिक जाळीचा तुकडा, त्यावर मोठे दगड आणि शेवटी वाळू. उलट केले तर काय होते ते बघा. मासा वाळूचा घास तोंडात घेतो, हातभर लांब नेऊन थुंकतो, परत येतो आणि हे दिवसभर चालते. आठवड्याभरात दगडाखालचा आधार निघून जातो, रास कलते आणि काच तडकते. दगड हलवून पाहा, एकही डुगडुगता कामा नये. गुहा भरपूर करा आणि प्रत्येक गुहेला दोन तोंडे ठेवा, म्हणजे पाठलाग झालेला मासा कोंडला जात नाही.

वाळू बारीक आणि गोल दाण्याची हवी, इंचभर थर पुरे. क्रश सँडचे दाणे टोकदार असतात, ती घेऊ नका. पाणवनस्पतींवर फार खर्च करू नका, हे मासे त्या कुरतडतात किंवा उपटतात. दगडाला बांधलेले अनुबियास तेवढे टिकते.

पहिले सहा आठवडे: सर्वाधिक मासे इथेच मरतात

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ विषारी, तिसरा बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर आणि दगडांवर वसतात आणि त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. गोल्डफिश पंधरा दिवसांत मेले ते बहुधा या अमोनियामुळे. पाण्याचा जडपणा त्याला कारण नव्हता.

जड पाण्याची दुसरी बाजू इथे दिसते. पीएच जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो. २८ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम पाऊण टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८.४ असेल तर सुमारे १५ टक्के, म्हणजे वीसपट. जो अमोनिया मऊ पाण्यातल्या माशाला जाणवतही नाही, तो आपल्या टाकीत जीव घेऊ शकतो. म्हणून या टाकीत घाई अजिबात करू नका.

करायचे ते असे:

१. टाकी भरून फिल्टर आणि एअर पंप चोवीस तास चालू ठेवा. मासे अजून नकोत.
२. रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना अन्न मिळते.
३. ओळखीच्या कोणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा. तो ओलाच ठेवा आणि आपल्या फिल्टरमध्ये घाला. काम निम्म्या वेळात होते.
४. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजण्याचा संच घ्या. एखादा मासा कमी घ्या, पण हा संच घ्या.
५. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले की टाकी तयार झाली.

फिल्टर टाकीच्या पाण्याला तासात सहा-सात वेळा फिरवेल एवढ्या ताकदीचा असावा, म्हणजे चार फुटी टाकीला ताशी १,५०० लिटर किंवा थोडा जास्त. एका मोठ्या फिल्टरपेक्षा दोन मध्यम फिल्टर बरे. एक बिघडला तर दुसरा सांभाळून घेतो.

कोणते मासे घ्यावेत

दुकानात ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून एका टाकीत सगळे कोंबलेले असतात. तिथून रंग बघून सात-आठ उचलले की घरी रणधुमाळी ठरलेली. आधी गट ठरवा.

मलावीचे खडकाळ काठावरचे मासे. यांना म्बुना म्हणतात. नवख्यांनी इथून सुरुवात करावी. इलेक्ट्रिक यलो सर्वांत सौम्य. त्याच्या जोडीला रस्टी आणि येलो-टेल असेई घ्या. ऑराटस आणि केनी लहानपणी फार सुंदर दिसतात, पण मोठे नर टाकीवर दहशत बसवतात. पहिल्या टाकीत ते घेऊ नका. केनीची एक गंमत सांगितली पाहिजे: मादी निळी असते आणि नर वयात येताना पिवळा होतो, त्यामुळे ‘दोन जातींचे मासे दिले’ अशी तक्रार घेऊन लोक दुकानात जातात.

मलावीचे पीकॉक आणि हॅप. आकाराने मोठे, रंगाने झगझगीत, स्वभावाने जरा शांत. यांना पाच-सहा फुटी टाकी हवी. म्बुनांबरोबर ठेवले तर पीकॉक दबतात आणि त्यांचा रंग उतरतो.

टांगानिकाचे शंखातले मासे. मल्टी या नावाने मिळणारी जात जेमतेम दीड-दोन इंचांची. ती गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहते, त्यातच अंडी घालते आणि पिल्लेही तिथेच वाढवते. दोन फुटी टाकी, दोन इंच वाळू आणि पंधरा-वीस शंख एवढ्यावर अख्खे कुटुंब नांदते. तळ्याकाठी मिळणारे गोल, मोठ्या तोंडाचे शंख चालतात. चांगले उकळून, आतले सगळे काढून, दोन-तीनदा पाणी बदलून भिजवून मग वापरा. सोयाबीनच्या शेतातले शंख मात्र नको. तिथे गोगलगायींसाठी विषारी आमिष टाकतात.

चार फुटी टाकीत म्बुनांच्या तीन जाती, प्रत्येकी एक नर आणि तीन-चार माद्या, मिळून बारा ते पंधरा मासे घ्या. मासे थोडे जास्त असले की मार एकाच माशाच्या वाट्याला येत नाही, वाटला जातो. दोन इंचांची पिल्ले एकाच वेळी आणा, म्हणजे आधी येऊन जागा बळकावलेला दादा तयार होत नाही. गोल्डफिश, गप्पी, एंजल, ऑस्कर यांपैकी काहीही सोबत घालू नका.

खरेदीत फसगत होते ती पीकॉकमध्ये. पीकॉकचा नर साधारण तीन इंचांच्या पुढे रंग भरू लागतो, माद्या करड्याच राहतात. दीड-दोन इंचांची सगळीच पिल्ले मोरपिशी झळकत असतील तर त्यांना संप्रेरके दिलेली असण्याचा दाट संभव आहे. तो रंग काही आठवड्यांत ओसरतो आणि पुढे पैदासही धड होत नाही. ‘ड्रॅगन ब्लड’ आणि ‘ओबी पीकॉक’ हे माणसाने तयार केलेले संकर आहेत. ते घेण्यात गैर काही नाही, पण सरोवरातली मूळ जात म्हणून जास्त पैसे मोजू नका.

मासे सकाळी लवकर निघून आणा. चतुर्थीला, विशेषतः अंगारकीला, राजूरचे रस्ते भाविकांनी भरलेले असतात. अशा दिवशी पिशवीतल्या माशांना गर्दीत अडकवू नका. घरी आल्यावर लाइट बंद करून पिशवी पाव तास टाकीत तरंगू द्या, मग थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत घाला आणि शेवटी जाळीने फक्त मासे सोडा. पिशवीतले पाणी बाहेर ओता.

रोजचे आणि आठवड्याचे काम

म्बुनांचे आतडे लांब असते, शेवाळ पचवण्यासाठी बनलेले. स्पिरुलिनाचे दाणे हे त्यांचे मुख्य अन्न. उकडून साल काढलेला मटार, वाफवलेला पालक अधूनमधून द्या. मांसाचे तुकडे, चिकन, लाल अळ्या टाळा. त्याने पोट फुगण्याचा जीवघेणा आजार होतो. भात, पोळीचे तुकडे आणि शेव मुलांच्या हातून टाकीत पडणार नाहीत याकडे लक्ष द्या. दिवसातून दोनदा, एका मिनिटात संपेल एवढेच खाद्य. आठवड्यातून एक दिवस उपास. घरात कोणाचा उपासाचा वार असेल तोच टाकीचाही ठेवा, म्हणजे विसर पडत नाही.

आठवड्याला पाव पाणी पाइपने तळाची घाण ओढून काढा आणि ड्रममधले मुरवलेले पाणी घाला. महिन्यातून एकदा फिल्टरचा स्पंज काढून टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण बऱ्याच टाक्या याच जागी मरतात. सुटीच्या दिवशी सगळे मासे बादलीत काढायचे, दगड-वाळू नळाखाली धुवायची, स्पंज साबणाने लख्ख करायचा, नवे पाणी भरायचे आणि मासे परत सोडायचे, असे कित्येक घरी होते. टाकी चकाचक दिसते आणि चार दिवसांनी मासे वर येऊन धापा टाकू लागतात. सहा आठवड्यांत जमलेली जिवाणूंची वस्ती एका दुपारी धुऊन गेलेली असते.

एखाद्या मादीने अचानक खाणे सोडले, हनुवटी फुगली आणि ती तोंड बंद ठेवून काहीतरी चघळल्यासारखे करू लागली, तर औषध घालू नका. तिच्या तोंडात अंडी आहेत. सुमारे तीन आठवडे ती त्यांना तोंडातच सांभाळते. दगडाआड ती शांत उभी असेल तर तिला त्रास देऊ नका, जाळी घालून पळवू नका. तीन आठवड्यांनी तिच्या तोंडातून बोटाच्या अर्ध्या नखाएवढी, पूर्ण घडलेली पिल्ले बाहेर पडतात.

उन्हाळा, हिवाळा आणि गेलेली वीज

या माशांना २४ ते २८ अंश योग्य. ३० पर्यंत ते सोसतात, त्यापुढे पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी होत जातो. उन्हाळ्यात झाकण काढून जाळी टाका आणि पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. दुसरा एअर पंप जोडा. खाद्य निम्मे करा. बर्फ थेट पाण्यात टाकू नका.

उडालेल्या पाण्याच्या जागी काय घालायचे, याकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार मागे राहतात. काठिण्य ४०० असलेले पाणी रोज तीन लिटर घातले तर महिन्याला ९० लिटरमधून ३६ ग्रॅम क्षारांची भर पडते. म्हणून ही भर पावसाच्या साठवलेल्या किंवा आरओच्या पाण्याने करा. आठवड्याचे बदलाचे पाणी तेवढे बोअरचे.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे पाणी बरेच गार होते. २०० वॉटचा हीटर २५ अंशांवर लावा. पाणी बदलताना तो आधी बंद करायचा, नाहीतर उघडा पडून फुटतो.

विजेचा हिशेब असा: २० वॉटचा फिल्टर आणि ५ वॉटचा पंप चोवीस तास चालले तर महिन्याला १८ युनिट. १५ वॉटचा लाइट आठ तास लावला तर साडेतीन युनिट. हिवाळ्यात २०० वॉटचा हीटर दिवसाला आठ तास पेटला तर ४८ युनिटांची भर.

वीज गेली तर:

- बॅटरीवर चालणारा एअर पंप लगेच लावा. घरात इन्व्हर्टर असेल तर एअर पंपाची पिन कायम त्यावरच ठेवा.
- वीज येईपर्यंत आणि त्यानंतरही काही तास खाद्य देऊ नका.
- बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर चार-सहा तासांहून जास्त बंद राहिला असेल तर आतले पाणी फेकून, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळून मगच चालू करा. आत कोंडलेले पाणी सडलेले असते.
- सर्व वायर सॉकेटच्या खालून वळसा घेऊन वर जाव्यात, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी पिनमध्ये जात नाही. वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ईएलसीबी बसवलेला नसेल तर टाकीआधी तो बसवा. टाकीत हात घालण्यापूर्वी स्विच बंद.

आठवडाभर गावाला जात असाल तर निरोगी मोठे मासे उपाशी राहू शकतात. शेजाऱ्यांकडे किल्ली देत असाल तर खाद्याचा डबा त्यांच्या हाती देऊ नका. मोजून बांधलेल्या दोन पुड्या द्या.

पावती आणि तक्रार

मासा जिवंत वस्तू आहे म्हणून ‘गॅरंटी नाही’ एवढे सांगून दुकानदाराची जबाबदारी संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर जात, संख्या आणि आकार लिहून घ्या. फिल्टर, हीटर, पंप यांची वॉरंटी वेगळी नोंदवून घ्या. ट्रॅव्हल्सने किंवा कुरियरने मासे मागवले असतील तर खोके उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि मेलेल्या माशांची माहिती विक्रेत्याला त्याच दिवशी लेखी कळवा.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानेही काम झाले नाही तर जालन्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. विक्रेता संभाजीनगरचा, मुंबईचा किंवा चेन्नईचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. मुदत दोन वर्षांची, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील देणे सक्तीचे नाही.

मासे जास्त झाले तर

म्बुनांची पैदास इतकी सहज होते की वर्षभरात पिल्लांचे काय करायचे हा प्रश्न येतोच. पिल्ले टाकीतच राहू दिली तर मोठे मासे त्यांतली बरीचशी खातात आणि संख्या आपोआप आवाक्यात राहते. उरलेली दुकानदाराला द्या, दुसऱ्या हौशी माणसाच्या माशांशी अदलाबदल करा. विहिरीत, शेततळ्यात, पाझर तलावात किंवा नदीत एकही मासा सोडू नका. तिलापियाने राज्यभरच्या पाणवठ्यांत काय केले ते समोर आहे. देशी मासळीच्या वाट्याची जागा आणि अन्न एकदा गेले की परत मिळत नाही. टाकी मोडायचीच असेल तर आधी माशांना घर शोधा, मग फिल्टर बंद करा. वाळू आणि दगड पूर्ण वाळवा. त्यांत बारीक गोगलगायी किंवा त्यांची अंडी असू शकतात, त्यामुळे धुण्याचे पाणी ओढ्याला न सोडता परसातल्या झाडांना घाला.